आधी तुमची येणी, मग नवं कर्ज

धंदा थंडावला की माझ्याकडच्या पत्रांचा ढीग वाढतो, आणि निम्म्या पत्रांत गोंधळ एकच असतो. पैसे बाजारात अडकलेत, हप्ता तोंडावर आलाय आणि ‘अमक्याने असं सांगितलं, ते खरं का?’ सनदी लेखापाल म्हणून रोज हेच ऐकते, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. सही करण्याआधी स्वतःचे कागद आपल्या सल्लागाराला दाखवा.

मुद्रा कर्ज मंजूर करून देतो म्हणून एकाने पाच हजार ‘फाइल चार्ज’ मागितलाय. द्यावा का? (बेकरी, मिरज)

देऊ नका. अर्ज थेट बँकेच्या शाखेत करा.

उद्यम नोंदणीला खर्च किती येतो? (शिलाईकाम, सातारा)

सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या या सरकारी नोंदणीला एक रुपयाही नाही. संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो की नाही, तेवढं पाहा. पैसे मागणारी, सरकारी वाटणारी संकेतस्थळं खाजगी असतात.

मोठ्या कारखान्याला जॉबवर्क करून देतो. पीओवर (खरेदी आदेशावर) ९० दिवस लिहिलंय, पैसे यायला १४० लागतात. तगादा लावला तर काम जाईल अशी भीती आहे. आता त्यांचा अकाउंट्सवाला म्हणतो, ‘उद्यम नोंदणी रद्द करा, मग बिल काढतो.’ बँकेकडून सीसीची (कॅश क्रेडिटची) लिमिट वाढवून घ्यावी का? (मशिनशॉप, शिरोली)

नोंदणी अजिबात रद्द करू नका. ती त्यांना का खुपते ते आधी समजून घ्या.

एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग विकास कायदा २००६चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊच शकत नाही, असं त्याचं कलम १५ सांगतं. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापलं म्हणून कायदा ९०चा होत नाही. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. शिवाय हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

हे सगळं वर्षानुवर्षं कागदावर राहिलं, कारण मागणाऱ्यालाच काम जाण्याची धास्ती. मग २०२३च्या वित्त कायद्याने आयकरात ४३ब(एच) ही तरतूद घातली आणि १ एप्रिल २०२४पासून ती लागू झाली. मुदत टळलेलं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष भरलं, त्याच वर्षी ते खर्चात धरायचं. ३१ मार्चला तुमचे दहा लाख मुदतीबाहेर थकलेले असतील तर खरेदीदाराचं करपात्र उत्पन्न दहा लाखांनी वाढतं. ३० टक्क्यांनी तीन लाखांचा कर. तुम्ही उद्यममध्ये नसलात की हा काटा निघतो. ‘नोंदणी रद्द करा’ म्हणणारा माणूस तुमच्या सोयीचं बोलत नाही, हे आता कळलं असेल.

मार्च जवळ आला की आणखी एक युक्ती निघते: माल कागदोपत्री परत दाखवायचा आणि एप्रिलच्या तारखेचं नवं बिल मागायचं. त्याला मान्यता देऊ नका. माल हललेला नसताना असं बिल करणं म्हणजे खोटा व्यवहार, आणि जीएसटीत त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आता करायचं काय? प्रत्येक बिलावर आणि डिलिव्हरी चलनावर उद्यम क्रमांक छापा. माल पोचला की चलनावर तारखेसह सही घ्या. पोच नसलेल्या चलनावर मी दावे अडकलेले पाहिले आहेत. महिनाअखेरीला ‘आपल्याकडे इतकी बाकी आहे, कृपया कळवा’ असा साधा ईमेल पाठवा. भांडण नको, नोंद हवी. जानेवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला आयकरातल्या या तरतुदीचा उल्लेख करून नम्र पत्र लिहा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने चक्र हलतं. नाही हललं, तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाता येतं. तिथे आधी तडजोड, नंतर लवाद. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. माल देताना तुमची नोंदणी होती का, हा मुद्दा तिथे निघतो, म्हणून कागद वकिलाला दाखवूनच दावा लावा.

खरेदीदार मोठा असेल तर ‘ट्रेड्स’ या बिलांवर पैसे उभे करून देणाऱ्या ऑनलाइन मंचाबद्दल विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली होती. त्यांनी तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे तुम्हाला काही दिवसांत मिळतात. पुढे वसुली त्यांच्याकडून होते. नोंदणी सक्तीची असली तरी वापर नाही, म्हणून मागणी तुम्हीच करायची.

लिमिटचं शेवटी. ९० दिवसांपुढची येणी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल त्या हिशेबात) धरतच नाहीत. म्हणजे दुसऱ्याने थकवलेल्या पैशांवर व्याज तुम्ही भरणार, आणि तारण तुमचं घर. एका ग्राहकाच्या शॉपला कुलूप लागलं त्या दिवशी त्याची येणी त्याच्या कर्जापेक्षा जास्त होती. त्यातली बरीच बिलं तीन वर्षांपलीकडची, दाव्याची मुदत गेलेली. तो शेवटपर्यंत म्हणत होता, ‘संबंध बिघडतील.’ त्याच्याकडची आठ माणसं घरी बसली. हे पुन्हा बघायची माझी तयारी नाही, म्हणून इतकं लिहिलं.

माझं साड्यांचं दुकान आहे, उद्यम प्रमाणपत्रही आहे. मग मलाही ४५ दिवसांचं संरक्षण आहे ना? (पैठण)

नाही. २०२१मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली, ती केवळ प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जासाठी. उलट, तुम्ही लहान विणकराकडून माल घेत असाल तर मुदत तुम्हाला पाळायची आहे. वर्षअखेरीआधी आपल्या लेखापालासोबत देणी तपासा.

या महिन्यात जीएसटी थांबवून पगार केले तर चालेल का? (छपाई, नाशिक)

चालत नाही. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागतं. त्याहून वाईट म्हणजे रिटर्न अडलं की तुमच्या ग्राहकाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडतं आणि तो तुमचं बिल रोखतो. मग पगार पुढच्या महिन्यातही होणार नाहीत. पगारातून कापलेला पीएफ तर कधीच वापरू नका. तो कामगाराचा पैसा आहे.

महिना २ टक्के फ्लॅट दराने ॲपवर कर्ज मिळतंय. बँकेपेक्षा थोडंच जास्त ना? (केटरिंग, ठाणे)

थोडं नाही. फ्लॅट दरात मुद्दल फिटत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच लागतं. वर्षभराच्या समान हप्त्यांत हा दर प्रत्यक्षात ४० टक्क्यांच्या पुढे जातो. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. ते द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

धंद्याची शिल्लक जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवू का? (कराड)

पाच लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थांना नाही. खेळतं भांडवल तिथे ठेवू नका.

दोन हप्ते थकले आहेत. बँकेचे फोन घेणं बंद केलंय. काम आलं की भरू असं ठरवलंय. (पॉवरलूम, इचलकरंजी)

हे पत्र वाचून मी सर्वांत अस्वस्थ झाले. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए (अनुत्पादक, थकीत) होतं, आणि तुमचे तीस ते साठ तर गेलेच असावेत. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ची पुनरुज्जीवन चौकट आहे. खातं अडचणीत आहे असं कर्जदाराने स्वतः कळवून त्याखाली अर्ज करता येतो. हप्ते फेरआखणीसारखे पर्याय बँकेच्या समितीपुढे जातात. मंजुरीची हमी नाही. पण २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की ही चौकट बँकांवर बंधनकारक असली, तरी कर्जदाराने खातं एनपीए होण्याआधी पुढे यायला हवं. नंतर जप्तीची नोटीस आल्यावर ‘आम्ही लघुउद्योग आहोत’ म्हटलं तर ऐकून घेतलं जात नाही.

तेव्हा फोन उचला. उद्याच लेखापालाकडे जाऊन मागच्या सहा महिन्यांची विक्री, येण्यांची यादी आणि पुढच्या सहा महिन्यांत काय जमेल याचा खरा हिशेब मांडून घ्या. परवा तो लेखी अर्जासोबत शाखेत द्या, आणि प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.