लिनियर एफएममधला ‘लिनियर’ नेमका कशाशी?

प्रश्न असा: अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या ऑसिलेटरवर, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागावर, ‘१ व्होल्ट/ऑक्टेव्ह’ आणि ‘लिन एफएम’ (लिनियर फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन: बाहेरून दिलेल्या व्होल्टेजने वारंवारता वर-खाली झुलवणं) असे दोन वेगळे सॉकेट असतात. पहिल्यातही दर व्होल्टला स्वर एकेक सप्तक चढतो, म्हणजे तेही रेषीयच. मग ‘लिनियर’ हे विशेषण दुसऱ्यालाच का? आणि मराठीत ‘रेषीय’ लिहावं का?

शंका अगदी रास्त आहे. नुसतं ‘लिनियर’ म्हणून भागत नाही, कशाशी लिनियर तेही सांगावं लागतं. इथे ते हर्ट्झशी, म्हणजे वारंवारतेशी आहे. सप्तक चढलं की वारंवारता दुप्पट होते. म्हणून पहिला सॉकेट कानाला रेषीय असला, तरी हर्ट्झच्या हिशेबाने घातांकी, म्हणजे दर पायरीला दुप्पट होणारा, आहे. ही दुप्पट सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर करतो: साध्या तापमानाला त्याच्या बेस-एमिटरमध्ये सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की वारंवारता ठरवणारा करंट दुप्पट होतो. एक व्होल्ट रेझिस्टरांनी तेवढा खाली आणतात. लिनियर सॉकेटचं व्होल्टेज मात्र रेझिस्टरमधून थेट करंट होऊन मिसळतं.

फरक ऐकायचा तर ४४० हर्ट्झचा सा धरा. घातांकी सॉकेटला एक व्होल्ट वर, एक व्होल्ट खाली अशी चौकोनी लहर द्या. स्वर ८८० आणि २२० मध्ये झुलेल. लहर ऐकू येण्याइतकी वेगवान झाली की कानाला मूळ स्वर सरासरीवर बसलेला वाटतो, आणि ८८० व २२० ची सरासरी ५५० येते. ५५० म्हणजे ४४० च्या सव्वापट, चक्क शुद्ध गंधार! मॉड्युलेशन वाढवलं की सूर आणखी वर सरकतो, म्हणून या सॉकेटवर सुरात वाजवणं कठीण. लिनियरमध्ये तोच सा ६६० आणि २२० मध्ये झुलवा: सरासरी ४४०, सा जागेवर. गंमत अशी की कानाच्या मापाने हा झोका वाकडा आहे, वर फक्त पंचमापर्यंत आणि खाली पूर्ण सप्तक.

‘लिनियर’ म्हणणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. घातांकी भागाला (दुप्पट करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या भागाला) जो संदर्भ-करंट, म्हणजे पट काढण्यासाठीचा मूळ करंट, लागतो त्यात मॉड्युलेशन मिसळलं, तर झोका स्वराच्या प्रमाणात बदलतो आणि वरच्या सप्तकातही नाद तसाच राहतो. सीईएम३३४० या ऑसिलेटरच्या चिपमध्ये हीच सोय आहे. घातांकी भागानंतर मिसळलं, तर झोका हर्ट्झमध्ये कायम, पण पट्टी बदलली की नाद बदलतो. दोन्हींवर शिक्का एकच: ‘लिन’.

मराठीत ‘रेषीय’ आणि ‘घातांकी’ हे शास्त्राच्या पुस्तकातले रुळलेले शब्द आहेत, ते खुशाल वापरावेत. पहिल्या उल्लेखाला मी ‘वारंवारतेशी रेषीय’ असं पूर्ण लिहीन, पुढे नुसतं ‘रेषीय’. ‘थ्रू-झीरो’ला, म्हणजे शून्य ओलांडून जाणाऱ्या एफएमला, मात्र ‘शून्यापार’ म्हणायला मला आवडेल. मॉड्युलेशन खोल गेलं की करंट शून्याखाली जाऊ पाहतो. साधा ऑसिलेटर तिथे थबकतो, शून्यापार जाणारा उलट्या दिशेने धावू लागतो.