'लीडिंग' की 'लेडिंग'?

प्रश्न असा आहे: ग्राफिक डिझाइनच्या वर्गात एक सर 'लीडिंग' म्हणतात, दुसरे 'लेडिंग'. बरोबर कोणतं? आणि त्याऐवजी सरळ 'ओळींमधलं अंतर' का म्हणू नये?

लेडिंग. पुढे नेणाऱ्या 'लीड'शी त्याचं काही नातं नाही. हा लेड म्हणजे शिसं. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, म्हणून हा घोळ. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवून छपाई व्हायची, तेव्हा ओळी सुट्या दिसाव्यात म्हणून जुळारी दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवायचा. पट्टी खिळ्यांपेक्षा बुटकी, त्यामुळे तिला शाई लागत नसे. कागदावर उमटायची ती नुसती मोकळी जागा.

'ओळींमधलं अंतर' ऐकायला छान आहे, पण हिशेबात फसवतं. १० पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतलं माप) खिळ्यांच्या ओळींमध्ये २ पॉइंटची पट्टी घातली की अंतर झालं २. आज सॉफ्टवेअरमध्ये त्याच मजकुराचं लेडिंग १२ दिसतं, कारण आता एका ओळीच्या पायरेषेपासून (रोमन अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेषा) पुढच्या ओळीच्या पायरेषेपर्यंत मोजतात. शब्द तोच राहिला, मोजायची वस्तू बदलली. म्हणून मी तरी 'लेडिंग'च लिहितो. (पायरेषाही आपली नव्हेच म्हणा, आपली अक्षरं वर शिरोरेषेला लोंबकळतात.)

मराठी मजकूर लावणाऱ्याने उच्चारापेक्षा आकड्याकडे जास्त बघावं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये लेडिंग आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरलं जातं. रोमन लिपीचं त्यात भागतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. सगळ्यांना जागा हवी. एका पत्रकात माझ्या वरच्या ओळीत 'मूळ' होतं आणि नेमकं त्याच्याखाली 'त्यांचा'. 'मू'च्या उकाराचं शेपूट खालच्या अनुस्वारावर आलं, ठिपका त्यात विरघळला आणि छापून आलं 'त्याचा'. अनेकांचा हक्क एकट्याचा झाला! मुद्रितशोधन करणारीला बोल लावावा, तर तिने तपासलेल्या फाइलमध्ये अनुस्वार शाबूत होता. लेडिंग १२ चं १५ पॉइंट केलं आणि तो पुन्हा दिसू लागला.