महालक्ष्म्यांचा सण झाल्यावर अंग गळून जातं, घरी आराम कसा करावा?

तुम्ही विचारलंय की महालक्ष्म्यांचे, म्हणजे ज्येष्ठा गौरींचे, तीन दिवस पार पडले की पुढचे चार-पाच दिवस हातपाय चालत नाहीत, घरच्या घरी आराम कसा करावा, स्वतःची काळजी कशी घ्यावी. आणि जाता जाता लिहिलंय की घरचे याला आळस म्हणतात. मी उत्तर लिहायला बसले ती त्या शेवटच्या ओळीमुळे.

आळस नाही तो. आधी हे डोक्यातून काढा.

लातूरच्या या घरात मला सव्वीस वर्षं झाली. आमच्या उभ्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरणाचे दिवे, आंबील, कटाची आमटी, वर फुलोरा. ज्यांच्याकडे आहे त्यांना मोजून सांगायला नको. सगळा स्वयंपाक सोवळ्यात. पहाटे चारला अंघोळ, आणि नैवेद्य दाखवून सवाष्णींची पंगत उठेपर्यंत करणारीच्या पोटात दोन कप चहाशिवाय काही नाही. कधी तीन वाजतात, कधी साडेचार. तेवढा वेळ ओट्यापुढे उभं राहायचं. रात्री हळदी-कुंकवाच्या बायका. सकाळी विसर्जनाची तयारी, शेवयांची खीर, दहीभात.

2016 सालची गोष्ट सांगते. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, सगळ्या देशानं ते पाहिलं. आम्ही घागरी मोजून दिवस काढले. पावसाळ्यात ती गाडी बंद झाली आणि सासूबाईंनी ठरवलं, देवीनं पाणी दिलं, यंदा पाच नाही, अकरा सवाष्णी जेवू घालायच्या. त्यांची श्रद्धा मला मान्य होती, आजही आहे. करायला मात्र मी आणि धाकटी जाऊ, दोघीच. जावेचं बाळ चार महिन्यांचं.

त्यात माझी तारीख नेमकी सणात येत होती. शेजारणीनं सांगितल्या त्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी मेडिकलमधून आणल्या. डॉक्टरला विचारलं नाही. आमच्या भागात ही गोष्ट इतकी सर्रास चालते की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटलंच नाही. विसर्जनाच्या रात्री गोळ्या बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंखा लावून आडवी झाले. डोळा लागतोय तोच मोठ्या नणंदबाई, आक्का, दारात. “एवढ्या भर दुपारी झोपायलीस का गं? पितळ तसंच पडलंय. आमच्या आईनं सहा लेकरं सांभाळून हेच सगळं केलं, ती कधी आडवी पडलेली पाहिली नाही आम्ही.” मी उठले. समया, ताम्हणं, घंघाळ, सगळं चिंच-मीठ लावून घासलं. त्याच्या पुढच्या दिवशी अंगावरून जायला लागलं, नेहमीपेक्षा खूप जास्त. तशातच स्टुलावर चढून महालक्ष्म्यांच्या कोठ्या, ज्यांवर मुखवटे बसवतात त्या, माळ्यावर ठेवत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली ती आली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.9. बाईला 12 तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, दम लागत नव्हता का, जिना चढताना छाती धडधडत नव्हती का? होत होतं की. दोन वर्षं होत होतं. मी त्याला घरकामाचा शीण समजत होते, घरचे आळस समजत होते, आणि रक्त मात्र कमी कमी होत चाललं होतं. म्हणून तुम्हाला पहिलं सांगते, झोप, तेल, गरम पाणी हे सगळं नंतर. आधी एकदा हिमोग्लोबिन तपासा. साधी तपासणी आहे. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या, आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको; चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. मला सहा महिने लागले.

आता जे मी कधी आक्कांना सांगितलं नाही ते. प्लास्टरच्या दिवसांत मला वेणी घालता येत नव्हती. सासूबाई घालून द्यायच्या. एकदा डोक्याला तेल लावता लावता म्हणाल्या, “मी पडायचे की. कोठीच्या खोलीत, पोत्यांच्या मागं. आतून कडी लावून. लेकरांना सांगायचे, गहू निवडायलेय.” एवढंच. पुढं काही बोलल्या नाहीत, माझी वेणी घट्ट आवळून रिबीन बांधली. मी किती वेळ तशीच बसून राहिले. ज्या बाईचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जात होतं, ती बाई वर्षानुवर्षं कडी लावून झोप चोरत होती. त्या आता नाहीत. त्यांनी ते मला विश्वासानं सांगितलं म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. पण आपल्या आया-सासवा न थकता करत होत्या हे खोटं आहे, आणि त्या खोट्यावर पुढच्या सुनांना मापलं जातं. हे कुणीतरी सांगायलाच हवं.

आणि आपल्या रीतीत विश्रांती नाही असंही नाही. महालक्ष्म्यांच्या आठ-नऊ दिवस आधी पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू घासून घासून सुजलेल्या खांद्यांना गरम पाण्यानं शेकतात, हळद-तूप चोळतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” म्हणून हात जोडतात. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवत नाहीत. माझे सासरे हे सगळं किती मायेनं करायचे. महालक्ष्म्यासुद्धा माहेरवाशिणी म्हणून येतात, तीन दिवस त्यांना कुणी हात हलवू देत नाही. मग करणारीच्या खांद्याला कोण शेकणार, हा प्रश्न मी 2017 साली जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर विचारला. घर शांत झालं होतं. ह्यांनी मान वर केली नाही, पण त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कोठ्या त्यांनीच माळ्यावर चढवल्या.

तेव्हापासून आमच्याकडे तो चौथा दिवस ठरलेला आहे. तुम्हीही ठरवून घ्या. सणाच्या आधीच सांगून ठेवा, नंतर मागायला गेलात तर मिळत नाही. त्या दिवशी सकाळी मुगाची खिचडी आणि ताक, रात्री तीच किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं. उरलेल्या पुरणाचं काहीतरी करायच्या मागे लागू नका, डबे भरून शेजारी द्या. पितळ आठवडाभर काळं राहिलं तर काही बिघडत नाही. देवीच्या साड्या मात्र तशाच घडी घालून ठेवू नका, घरातच सावलीत वाऱ्यावर टाका. ते काम पोरांना येतं, माझा मुलगा करतो. नोकरी असेल तर रजा आदल्या दिवसाची न घेता नंतरच्या दिवसाची घ्या. पूजनाला बऱ्याच जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते, अडचण नंतरच होते.

पायांसाठी: एका जागी उभं राहून रक्त खाली साचतं, पोटऱ्या चालतात तेव्हा ते वर चढतं. म्हणून आधी कोमट पाण्यात पाय, मग आडवं पडून पायाखाली दोन उशा, पाय छातीपेक्षा उंच. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी भरपूर प्या, सोवळ्याच्या नादात तीन दिवस आपण पाणीच पीत नाही. झोप येईल तेव्हा झोपा, दुपारची दोन तास झाली तरी चालेल.

आधीच लिहायला हवं होतं ते राहिलं. दोन्ही पाय सुजले तर बहुधा उभं राहिल्यानं, पण एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्ताची गाठ असू शकते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, कुणाला रक्ताच्या गाठीचा त्रास झालेला असेल तर अजिबात नको. आणि त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे नेमकी तुमच्या सर्वांत थकलेल्या दिवसांत, तेवढं धरून चाला. खरं तर पाळी आली तर जावेनं किंवा घरातल्या पुरुषानं नैवेद्य करावा. आमच्याकडे आता तसंच करतात.

यंदा चौथ्या दिवशी आक्का आमच्याकडेच होत्या. सत्तरी गाठली त्यांनी, गुडघे दुखतात, तरी तिन्ही दिवस पंगतीत वाढत होत्या. जेवणं झाल्यावर मी माझ्या शेजारी त्यांची सतरंजी टाकली, पायाखाली दोन उशा दिल्या. “मला काय झालंय?” म्हणाल्या, पण पडल्या. चार वाजता मी चहा ठेवला तेव्हा त्यांना गाढ झोप लागली होती. मी त्यांचा कप झाकून ठेवला.