स्पीड टेस्ट चांगली येते, तरी रात्री व्हिडिओ कॉल अडकतो. कनेक्शन बदलू का?

तुम्ही लिहिलंय की प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्ट ९०च्या वर जाते, पण रात्री व्हिडिओ कॉल लावला की आवाज तुटतो आणि चित्र थिजतं. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालतं. एवढ्यावर कनेक्शन बदलू नका. अडथळा घरात आहे की घराबाहेर, हे आधी शोधा, कारण घरात असेल तर नवीन लाइनवरही तो तसाच राहील.

याला पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रात्रीच द्या, त्रास चालू असताना. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग लावा, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएस सर्व्हरला (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर). विंडोजमध्ये ‘पिंग’, मग पत्ता आणि त्यापुढे ‘-टी’ लिहिलं की पिंग थांबत नाही. (आकडे, अक्षरं सगळं इंग्रजीत टाइप करायचं.) मग कॉल लावा आणि दोन्हीकडे बघत राहा.

पहिल्याच खिडकीतले आकडे २-५ मिलिसेकंदांवरून शेकड्यांत उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. पहिली शांत आणि दुसरी बिघडलेली असेल, तर अडचण राउटरच्या पुढे आहे, किंवा तुमची लाइन तुमच्याच घरातलं कुणीतरी भरून टाकतंय.

ही शेवटची शक्यता फार लोक विसरतात. मीही विसरलो होतो. राउटरपर्यंत २ मिलिसेकंद, पुढे कधी २०, कधी ७००. दोनदा तक्रार केली, माणूस येऊन राउटर बदलून गेला, फरक शून्य. शेवटी घरातला एकेक फोन वायफायवरून काढत गेलो तेव्हा सापडलं: रात्री चार्जिंगला लावलेला एक फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. अपलोड तुडुंब भरला की बाकीची पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) राउटरमध्ये रांगेत उभी राहतात, आणि कॉलला थांबणं सोसत नाही. याला बफरब्लोट म्हणतात. साधी स्पीड टेस्ट एका सेकंदात किती डेटा गेला ते मोजते; प्रत्येक पॅकेट किती वेळ ताटकळलं हे तिच्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. राउटर बंद-चालू केल्यावर तुम्हाला थोडा वेळ बरं वाटतं, त्याचं कारणही हेच असू शकतं: अपलोड तुटतो, रांग रिकामी होते, आणि मग अपलोड पुन्हा सुरू होतो. बॅकअपची वेळ बदला. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सेटिंग) असेल तर चालू करून अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. माझ्याकडे एवढ्यानेच भागलं.

वायफायच दोषी निघालं तर कॉलचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं, म्हणून राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात असेल तर आधी बाहेर काढा.

पिंग नीट चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असं झालं तर डीएनएस बदलून बघा, १.१.१.१ किंवा ८.८.८.८.

एक कळकळीची विनंती: राउटरच्या मागचं पिन घालून दाबायचं रीसेट बटण दाबू नका. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटने सगळी सेटिंग पुसली जातात, आणि लाइन युजरनेम-पासवर्डवर चालत असेल तर नेट पूर्ण बंद पडतं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, बारीक केबल कुठे दुमडली किंवा फर्निचरखाली चेपली आहे का बघा, पण तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा.

आता लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकी सगळी उपकरणं बंद करा आणि तीच चाचणी पुन्हा करा. तरीही दुसऱ्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत राहिलं, तर दोष बहुतेक बाहेरचाच. तीन रात्रींचे वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. “नेट स्लो आहे” म्हणण्यापेक्षा “केबलवर राउटरपर्यंत १ मिलिसेकंद लागतो, पुढे १००पैकी ८ पॅकेट हरवतात, रात्री नऊ ते अकरा” अशी तक्रार नोंदवली तर ती टाळणं अवघड जातं.

तरीही दाद लागली नाही, तर खुशाल बदला. फक्त नवीन लाइन आल्यावर जुनी लगेच तोडू नका. चार-पाच रात्री दोन्ही ठेवून हीच चाचणी नव्या लाइनवर करा.