फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षात कोणती कामं घ्यावीत?

एकाच प्रकारच्या शूटला चिकटू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत लग्न, भांडी-दागिन्यांसारखं प्रॉडक्ट आणि एखादं नाटक, एवढं तरी कर. तिन्हीकडे उजेड वेगळा वागतो.

लग्नात सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून जा. खरी परीक्षा अंतरपाट दूर होतो तेव्हा. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की जागा सोडू नकोस, कारण पुढचे दोन-तीन सेकंद परत मिळत नाहीत. हॉलमधले एलईडी दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवलास तर फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात. १/१०० वर ये, एफ/४ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात कर आणि फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळव. उडणाऱ्या अक्षता फ्लॅशमुळेच स्पष्ट येतात. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर चेहऱ्यांवर तोच रंग चढतो, म्हणून हॉल आदल्या दिवशी बघून ये.

प्रॉडक्ट शूटला स्टीलच्या डब्यात अख्खी खोली दिसते, तूसुद्धा. दिवा आणि डबा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताण, दोन्ही बाजूंना फ्रेमबाहेर काळा कार्डपेपर उभा कर. मग कडा उठून दिसते. एफ/११, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर.

नाटकाला फ्लॅश अजिबात नको, शटरचा आवाजही बंद. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एकाच छोट्या जागेचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर धर, नाहीतर काळ्या पडद्यामुळे चेहरे पांढरे फटक पडतात.

आणि फोटो दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.