मिशीवाला मासा: मागूर की शिंगी?

प्रश्न: वलगणीच्या टायमाला (पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात तेव्हा) गरीला काळपट, बिनखवल्याचा मिशीवाला मासा लागला, सोडवताना काटा बसला नि हात जाम ठणकला. कोणी मागूर म्हणतं कोणी शिंगी, नक्की काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: मिशा मोजत बसू नका, दोघांनाही चार जोड्या असतात. पाठ बघा, मागूरचा पाठीवरचा पर पार शेपटीजवळ जातो, शिंगीचा एवढुसाच. ठणका एवढा म्हणजे मला तरी शिंगीच वाटते, तिच्या छातीच्या परातला काटा विषारी असतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, सूज वाढली तर सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, दोघंही वरची हवा घेतात, पाण्याबाहेरही बराच वेळ जगतात, तेव्हा मेलाय समजून पिशवीत हात घालू नका!