दिसणारं साधन

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई काल पेढे घेऊन घरी आली होती. नाशिकचं प्रशिक्षण संपलं, पहिलं पोस्टिंग शहरातल्या ठाण्यात, हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. आपल्या गावातून फौजदार झालेली तू पहिली मुलगी. खूप बरं वाटलं. तीस वर्षं तालुका कोर्टात वकिली केलेला माणूस तुला काय देणार? एका कायद्यातली एक ओळ देतो. रुजू होण्याआधी ती नीट वाच.

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 चा कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे. भीक म्हणजे काय, हे त्याच्या कलम 2 मध्ये सांगितलंय. गाऊन, नाचून, भविष्य सांगून, कसरती करून किंवा काही विकण्याच्या निमित्ताने मागणं, ही सगळी भीकच. सुगी झाली की आपल्या गावात वासुदेव यायचा, गोंधळी, बहुरूपी, नाथजोगी यायचे आणि माझी आजी सुपातून ज्वारी घालायची. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो व्यवहार या व्याख्येत गुन्हा ठरतो. पण तुला दाखवायची ती ओळ याच्याही पुढे आहे. ज्याच्याकडे उदरनिर्वाहाचं दिसणारं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही भिकारी. त्याने हात पसरलेला असण्याची गरज नाही. तसं वाटलं की पुरे, आणि ते वाटायचंय पोलिसाला. वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुनःपुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या शेजारच्या गावचा एक म्हातारा बायकोला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला. ती आत भरती, हा बाहेर फूटपाथवर. खेड्यातून आलेल्या पेशंटची माणसं अशीच राहतात, तू पाहिलंयस. रात्री कोणी अन्नदान करत होतं, याने ताट पुढे केलं. तेवढ्यात गाडी आली आणि पंधरा-वीस जणांना उचलून नेलं. गावातून निरोप आला तसा मी गेलो. तो एवढंच म्हणत होता, "वकील सायेब, बुडी आतमंदी एकटी हाये."

वकालतनाम्यावर त्याचा अंगठा घेतला, तर ठसा उमटेना. तीनदा घेतला. मार्च लागलेला, नुकताच कापसाचा शेवटचा वेचा झाला होता. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी फाटून-फाटून अंगठ्यावर चिराच चिरा पडल्या होत्या आणि शाई त्या चिरांत शिरत होती. दिसणारं साधन माझ्या हातात होतं, बेटा. मी तो हात धरून बसलो होतो आणि तरी त्यातलं एक अक्षर कोर्टापुढे बोललो नाही. 'कबूल करून टाक, पहिलीच वेळ आहे, समज देऊन बाँडवर सोडतील,' असा सल्ला मी त्याला दिला. कायद्यात तशी सोय आहे, तिथे सगळे तसंच करायचे. त्याला एका वर्षाची शिक्षा झाली. बायको एकटीच घरी आली. ही चूक माझी आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

नंतर मी या ओळीचं मूळ शोधत बसलो. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 109 मध्ये अशीच ओळ होती: ज्याला पोट भरण्याचं साधन दाखवता येत नाही, त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचा जामीन घ्या. इंग्लंडात 1547 मध्ये काम न करणाऱ्या धडधाकट माणसाच्या छातीवर डाग देऊन त्याला दोन वर्षं गुलाम करायचा कायदा झाला होता. आणि अमेरिकेची गोष्ट तर आपल्या पऱ्हाटीशीच जोडलेली आहे. 1861 ते 65 च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, गुलाम सुटले, आणि तिथल्या मळेवाल्यांना वेचायला हात मिळेनात. नोव्हेंबर 1865 मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला: जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत प्रत्येक काळ्या माणसाने घर किंवा काम, आणि त्याचा लेखी पुरावा दाखवावा. नाहीतर तो भटक्या ठरणार. दंड भरता आला नाही, तर जो दंड भरेल त्याच्याकडे शेरीफ त्याला कामाला जुंपणार. दंड भरणारे कोण, तर तेच मळेवाले. गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीतच 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' अशी पळवाट ठेवलेली होती. आधी गरिबीला गुन्हा ठरवायचं, मग शिक्षा म्हणून फुकट राबवायचं.

आपल्याकडे तसं नाही, असं म्हणशील. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगार बंद केली, हे खरं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. मग हे ऐक. भिक्षेकरी गृहातल्या कामाचा मेहनताना 2025 पर्यंत महिन्याला 5 रुपये होता. त्या वर्षी मंत्रिमंडळाने तो दिवसाला 40 रुपये केला. त्याच वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. त्या म्हाताऱ्याला तिथे झाडू बांधायला बसवलं होतं. ज्याला काम नाही म्हणून धरलं, त्याला काम दिलं आणि मजुरी दिली नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 ला याच कायद्याची बहुतेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे ती उभी आहेत, म्हणून सांगतो. कधीतरी पाहुणे येणार असतील आणि वरून फोन येईल, 'चौक साफ करा.' नागपुरात मार्च 2023 मध्ये कलम 144 लावून चौकाचौकांत भीक मागायला बंदी झालीच होती. हुकूम मोडायला मी तुला सांगत नाही. पण पंचनामा तू लिहिणार. 'साधन नाही' हे छापील वाक्य लिहिण्याआधी त्याला खाली बसव, पाणी दे आणि विचार: गाव कोणतं, शेवटचं काम कोणाच्या वावरात केलं, इथे कशाला आला, सोबत कोण आहे. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर घे. दवाखान्याचा कागद असेल तर तो जोड. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, हे त्याला कळेल अशा बोलीत सांग, 15100 हा नंबर स्वतः लावून दे. पारध्यांचं पाल दिसलं की जुने शिपाई तुला 'यांच्यावर नजर ठेवा मॅडम' म्हणतील. 1871 पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला. ठाण्यातल्या बोलण्यातून अजून पुसलेला नाही. तू पुस.

आणि हात पाहत जा. वेचणीचा हात, विळ्याचा हात, गिट्टी फोडणारा हात तुला माझ्यापेक्षा चांगला ओळखता येतो, तुझ्या आईचा हात पाहत तू मोठी झालीस.

म्हातारा सुटून आला तेव्हा बुडी गेलेली होती. तो पुढे दोन हंगाम वेचणीला गेला. त्याचा वकालतनामा माझ्या कपाटात आहे, तीन अर्धवट ठशांचा. शहराला जायच्या आधी घरी चक्कर टाक, तो तुला दाखवायचा आहे.

तुझा,
वकीलकाका